जाऊबाईंची स्लाइड

घरात तिला सगळे धाकटी म्हणायचे. हॉस्पिटलात ती पॅथॉलॉजिस्ट होती. त्या सकाळी मायक्रोस्कोपखाली जाऊबाईंच्या जठराचे तुकडे होते. दुर्बीण घालून काढलेले, कणीएवढे. तेवढ्यावरून रोग सांगायचा म्हणजे शितावरून भाताची परीक्षा.

निळ्या पेशींनी गर्दी केली होती खरी, पण ग्रंथींच्या भिंतींबाहेर. सुजेला कारण ठरणारे जंतूही दिसत होते. नुसती सूज असेल, किंवा लिम्फोमाची, म्हणजे याच पेशींच्या कॅन्सरची, सुरुवात. तिचं मन धजेना. तिने फोटो काढला आणि निर्णय उद्यावर टाकला.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी पेशी ग्रंथींच्या आत घुसलेल्या होत्या. भिंती फुटल्या होत्या.

तिने कालचा फोटो शेजारी धरला. त्यात भिंती धडधाकट. स्लाइड बदलली म्हणावं, तर काचेवरचा ओरखडा तोच, तुकड्याचा दुमडलेला कोपराही तोच. फॉर्मॅलिनमध्ये बुडवून, मेणात थिजवून कापलेलं मेलेलं मांस ते. हलेल कसं?

तिने विभागप्रमुख सरांना बोलावलं.

"लिम्फोमाच आहे," सर म्हणाले. "अगदी सुरुवात आहे, पण आहे."

"सर, काल हे नव्हतं."

"घरचं माणूस आहे ना, डोळे दगा देतात."

तिने फोटो दाखवला. सरांनी तो स्लाइडशी ताडून पाहिला. "जागा चुकली असेल," एवढंच म्हणाले आणि चहा अर्धा टाकून निघून गेले.

पुढच्या तपासण्यांनीही तेच सांगितलं. जंतू मारले की हा रोग कधीकधी ओसरतो, म्हणून आधी गोळ्या सुरू झाल्या. "सासूबाईंनी एवढा जीव जाळला तेव्हा काही झालं नाही," जाऊबाई हसून म्हणाल्या, "आणि आता कुठे पोट जळायला लागलं!" धाकटीला हसू आलं नाही. ती रोज दुपारी जुनी स्लाइड काढून बघायची. निळी गर्दी पांगत होती. भिंती सांधत होत्या.

काही महिन्यांनी पुन्हा तुकडे घेतले. स्वच्छ. जुनी स्लाइडही स्वच्छ.

सर ती पाहून खुर्चीत बसले. "मग आपण उपचार कशावर केले?"

धाकटीने पहिल्या दिवसाचा फोटो पुन्हा काढला. आपण तेव्हा नक्की काय पाहिलं, हेच तिला कळेनासं झालं.

संध्याकाळी जाऊबाई तिला न्यायला आल्या. खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या राहून खालची रहदारी बघत होत्या. धाकटीने जुनी स्लाइड बसवली आणि मायक्रोस्कोपचा दिवा लावला.

जाऊबाईंचा हात पोटावर गेला.

"गंमत बघ," त्या वळल्याच नाहीत. "पोटात ऊन पडल्यासारखं वाटतंय."

"दुखतंय?"

"छे गं. नुसतं ऊन."

धाकटीने आवाज न करता बटण दाबलं. दिवा विझला.

"गेलं," जाऊबाई म्हणाल्या.