मर्लिनच्या झोपेची मयत

फ्लॉईडला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातात चप्पल होती. ती त्याच्यासाठीच आणली होती. फक्त तो कोण, हे ठाऊक नव्हतं.

आमच्या गिरीज गावात, केळीच्या वाडीला लागलेल्या अंगणात कुणीतरी ट्रम्पेटवर लग्नाचं एकच गाणं वाजवत होतं आणि दर वेळी एकाच जागी चुकत होतं. मी रात्रभर हॉस्पिटलात ड्युटी करून नुकतीच आडवी झाले होते. गाऊनवर ओढणी गुंडाळून कुंपणाशी गेले.

“वाजवायचं तर नीट तरी वाजवा!”

तो वळला. कपाळावर केस, ओठांवर ट्रम्पेटचा गोल ठसा… मी रागात होते, पण डोळे उघडे होते, त्याला काय करणार?

“सॉरी, सिस्टर. कोणतं वाजवू? तुम्हाला काय आवडतं?”

“शांतता.”

“त्याला फार प्रॅक्टिस लागते,” तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

चप्पल मी पायात घातली. तिथेच माझं चुकलं.

खरं तर राग सगळ्या गावाचा होता. रात्रभर पेशंट सांभाळले की मी सेवाभावी. सकाळी पडदा ओढला की मी आळशी! पाववाला नेमका माझ्या खिडकीखाली भोंपू दाबायचा. शेजारची कार्मिन आंटी तर “झोपलीस काय गं?” एवढंच विचारायला मला उठवायची. झोपले होते, हे सांगायला मी उठायचे.

क्लेमेंटीन मावशीनंही जन्मभर नर्सिंग केलं, रात्रपाळ्या केल्या. दिवसा झोपायचं सोडून घरची धुणी धुतली. मग छातीत गाठ निघाली, एक बाजू काढावी लागली. “रात्रपाळीनंच झालं असं डॉक्टर म्हणत नाही,” ती मला म्हणाली होती. “पण वर्षानुवर्षं रात्री जागणाऱ्या बायकांत हा कॅन्सर जास्त दिसतो, म्हणतो. तू बाय, ठरल्या वेळी, काळोख करून झोप. धुणी कुठे पळत नाहीत.”

आणि गावाला माझ्या पडद्याचं हसू येतं!

हे सगळं मी एका सकाळी कुंपणापलीकडे ओरडून सांगितलं. फ्लॉईड हसला नाही. मुलगा हसला नाही की माझी पंचाईत होते.

“काळोखच हवा ना?” तो म्हणाला. “बघतो.”

दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून आले, तर माझ्या खिडकीवर बाहेरून जाड काळं कापड ताणून बसवलेलं. आत विहिरीसारखा गार, गच्च काळोख… मी घड्याळही न काढता झोपले.

जाग आली ती “नमो मरिये, कृपापूर्णे…” या आवाजानं.

कापड फ्लॉईडच्या बँडचं होतं. मयतीला वाजवताना ढोलावर घालतात, ते. गिरीजमध्ये ते कापड सगळे ओळखतात. ते घरावर दिसलं की कुणी काही विचारत नाही, चपला काढून रोझरीची प्रार्थना म्हणायला बसतात. ममी भाजी घेऊन बाजारात गेलेली, म्हणजे विचारायलाही कुणी नव्हतं. बँडवाले कोट घालून आले होते आणि सावकाश, रडकं काहीतरी वाजवत होते.

दारात दोन्ही हात पसरून फ्लॉईड उभा.

“अहो आंटी, ती झोपलीय!”

“हो रे बाळा,” कार्मिन आंटीनं त्याच्या गालावरून हात फिरवला. “तसंच समज.”

मी दार उघडलं. दोघांनी क्रूसाची खूण केली. एकानं बासरी खाली टाकली.

“माझ्यासाठी चिरविश्रांती मागताय?” मी ओरडले. “मला दुपारपर्यंतची पुरे! मेले तर चपला काढता, हळू बोलता. जिवंत आहे तोवर भोंपू वाजवता! मावशीचं काय झालं ते पाहिलंत ना सगळ्यांनी? मी मरायचीच वाट बघताय का?”

पाववाल्यानं सायकलचा भोंपू काढून खिशात ठेवला.

“फुलवाला आता हार परत घेईल का?” आंटीनं डोळे पुसत विचारलं. मग तीही चवड्यांवर चालत निघून गेली.

आम्ही दोघं पायरीवर उरलो.

“मर्लिन… मला काही सांगायचंय.”

“सांग. पण हळू.”

तो हळू सांगू लागला. पहिल्या दिवशी गाणं खरंच चुकलं होतं. नंतर मात्र तो मुद्दाम… कारण चुकलं की मी यायचे, आणि मी आले की… त्याचा आवाज खोल होता, खालच्या पट्टीतला. केळीची पानं हलत होती…

डोळे उघडले तेव्हा ऊन विहिरीपलीकडे गेलं होतं. माझं डोकं त्याच्या खांद्यावर, त्याच्या नाकावर माशी. तो हललाही नव्हता.

“की काय? पुढे काय म्हणालास?”

“सांगून झालं सगळं.”

“अरे, मी झोपले होते!”

“म्हणून तर सांगता आलं.”

मी संतापले. आयुष्यातली एवढी एक गोष्ट, आणि तीही झोपेत निसटली! “परत सांग! पहिल्यापासून! नाहीतर मी ‘हो’ कशाला म्हणू?”

तो तोंड उघडणार, तोच कुंपणापलीकडून कार्मिन आंटी फिसकारली,

“शूऽऽ! कोण ओरडतंय मेलं? आमची मर्लिन झोपलीय!”