टाकीच्या तळाशी

पंपावर नवी पाटी लागली आणि तुम्ही पोरं मघापासून भांडताय, बायोडिझेल मिसळलेलं भरावं की नाही. भरा की! नव्या गाडीचं काही बिघडत नाही. जुनी असेल तर सुरुवातीला दोन-तीन फिल्टर जवळ ठेवा, कारण हे तेल टाकी धुतं. तळाला वर्षानुवर्षं बसलेला गाळ सुटतो आणि फिल्टरमध्ये येऊन अडकतो. तेलाचा त्यात दोष नाही. फक्त माझ्या साडूने ज्या कारणासाठी ते भरलं, त्या कारणासाठी भरू नका. सांगतो. आधी तो मोबाईल खिशात घाल.

मला साडू दोन, मेव्हणी मात्र एकच. हसू नका रे. तिचा पहिला नवरा ट्रकवाला, सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. एका दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. मागे राहिली ती आणि तो ट्रक. पुढे तिने दुसरं लग्न केलं. हाही ड्रायव्हरच, कष्टाळू, निर्व्यसनी, नाव ठेवायला जागा नाही. पण लग्नाला चार वर्षं झाली तरी आमच्याकडे तो 'नवा साडू'च. मीसुद्धा तेच म्हणायचो.

ट्रक आता तो चालवायचा. आणि मेव्हणी सहज बोलून जायची, "ते उतारावर असं करायचे नाहीत," "ते निघण्याआधी टाकी पान्याने वाजवून बघायचे." झालं, याच्या पोटात जाळ. जिवंत माणसाशी दोन हात करता येतात, मेलेल्याशी काय करणार? तो चुकत नाही, म्हातारा होत नाही, घरी उशिरा येत नाही. याला एवढंच हवं होतं की तिने एकदा तरी 'ते' म्हणावं आणि ते त्याच्याबद्दल असावं.

मग लागला पुसायला. सीटला उस्तादच्या अंगाचा खळगा पडला होता, सीट बदलली. हॉर्न बदलला, रंग बदलला. टाकीशेजारच्या फिल्टरला एक निळी चिंधी बांधलेली असायची, मेव्हणीच्याच जुन्या कपड्याची. डिझेल पाझरलं तर चिंधी ओली होते, लगेच कळतं, म्हणून उस्तादने बांधलेली. तो डावखुरा, त्याची गाठ उलटी पडायची. याने ती गाठ कापली, अंगणात चिंधीला काडी लावली आणि राख होईपर्यंत उभा राहिला. ती दारातून बघत होती. एक अक्षर बोलली नाही, आणि तेच याला जास्त झोंबलं.

आता उरली टाकी.

गेल्या हिवाळ्यातला शनिवार. फरशा उतरवून हा रिकामा परत निघाला. वाटेतल्या पंपावर मिश्रणाची पाटी बघून आत वळला. पंपवाला भला माणूस. म्हणाला, टाकी जुनी दिसतेय, आतलं सगळं सुटून येईल, फिल्टर दोन तरी घ्या.

"येऊ दे," हा म्हणाला. "तेच पाहिजे मला. त्याचं काही आत ठेवायचं नाही."

कोणाचं, ते पंपवाल्याला काय कळणार? याने टाकी गळ्यापर्यंत भरली आणि फिल्टर एकच घेतला.

मध्यरात्र उलटली आणि टेकड्यांमधल्या रस्त्यावर गाडी धापा टाकायला लागली. याने उतरून फिल्टर काढला. काळा चिखल. जवळचा चढवला, फिल्टरवरचा छोटा हातपंप मारून तेलाच्या नळीतली हवा काढली, निघाला. थोडं अंतर गेला न गेला, पुन्हा तेच. या वेळी गाडी जी थांबली ती थांबली. दुसरा फिल्टर नाही. मोबाईलला रेंज नाही. रस्त्यावर चिटपाखरू नाही. हा केबिनमध्ये चढला, काचा वर केल्या.

"मेलास तरी पिच्छा सोडत नाहीस," तो मोठ्याने म्हणाला.

मग थंडी... आणि काही नाही.

टक.

टाकीवर. पाना वाजला.

टक... टक... थोडं पुढे. कोणीतरी ऐकत होतं, तेल कुठवर आहे ते.

याने आरशात बघितलं. कोणी नाही...

मग हातपंप. सावकाश. घाई नसलेल्या माणसाचा हात...

थांबला.

गाडी डावीकडे किंचित कलली. पायरीवर माणूस चढला की कलते तशी... दार उघडलं नाही.

याने किल्ली फिरवली. गाडी एका फटक्यात सुरू. घर येईपर्यंत याने डावीकडे मान वळवली नाही.

उजाडताना अंगणात पोचला. मेव्हणी चहाचा कप घेऊन बाहेर आली आणि टाकीपाशीच थबकली. वाकली. फिल्टरला हात लावला. आणि हसली.

"सोडलं की हो त्यांनी तुम्हाला घरापर्यंत," ती म्हणाली.

दोन दिवसांनी हा ट्रक घेऊन माझ्याकडे गॅरेजात आला. सगळं सांगितलं. "साडूभाऊ," म्हणाला, "रात्री भीती वाटली, नाही असं नाही. पण ती माझ्याकडे बघून तसं कधी हसली नाही हो. एकदाही नाही." आणि लहान पोरासारखा रडला.

मी उठून ट्रक बघितला. फिल्टर उघडला, तोच, याने त्या रात्री बसवलेला. गाळाने गच्च, थेंबभर तेल पलीकडे जाईना. तसाच परत लावला. वर निळी चिंधी होती. गाठ उलटी.

चिंधीचं एक टोक जळालेलं होतं.