आबांच्या चार मेंढ्या

एक कोडं घालते. आमचे आबा गवतांचे शास्त्रज्ञ. कुठलं गवत कुठल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, उगवतं, कुठल्याला कधी तुरा येतो, सगळं तोंडपाठ. तेच आबा एकदा पत्ते खेळताना विचारत होते, "बदामाची दश्शी अजून यायचीय ना?" अहो, ती त्यांनीच मघाशी टाकली होती! मग तरुणपणी पाहिलेलं गवत आठवतं आणि आत्ता टाकलेला पत्ता आठवत नाही, हे कसं काय?

हे कोडं माझ्याआधी टिकलीला पडलं. तिथूनच माझं डोकं फिरलं.

आमच्या कराडच्या कॉलनीत आता नियमच आहे. घरात कुणी सत्तरी ओलांडली की आरोग्य केंद्रातून एक स्मृतिसोबती (आठवणशक्ती तपासणारा यंत्रमानव) राहायला येतो. सगळं ठीक दिसलं तर महिन्याभरानं परत जातो. आमच्याकडे आलेल्या सोबत्याच्या कपाळावर लाल गोल दिवा होता, म्हणून आबांनी त्याला नाव दिलं टिकली. दोन दिवसांत टिकलीची 'टिकूबाळ' झाली! आणि मला जन्मापासून 'ए कार्टे'. सांगा, राग येणार नाही?

रोज संध्याकाळी आमच्याकडे मेंढीकोट चालतो. हा चौघांचा खेळ. समोरासमोर बसणारे दोघं भिडू. चार दश्श्यांना म्हणायचं मेंढ्या, आणि ज्यांच्याकडे जास्त मेंढ्या ते जिंकले. कुठले पत्ते गेले ते लक्षात ठेवणाऱ्याचीच यात चलती. मी आणि आबा भिडू, आई आणि शेजारचे जंगमकाका भिडू. आता काकांच्या जागी टिकली येऊन बसली.

डाव संपला की ती मधाळ आवाजात विचारायची, "आबा, पहिली कुठली मेंढी गेली?" मग दोघांच्या गप्पा सुरू. गवतांच्या ज्या गोष्टी आबा फक्त मला सांगायचे, त्या आता तिला. ती "मग?" म्हणायची आणि आबा खुलायचे. मला काय "मग?" म्हणता येत नव्हतं? सरळच सांगते, माझा नुसता जळफळाट होत होता. हिला एकदा चार्ज करायचं विसरावं, असंही मनात येऊन गेलं.

मग मी डोकं चालवलं. आबांनी सगळी उत्तरं बरोबर दिली तर ही बया जाणार! आणि मेंढीकोटात खाणाखुणा कोण करत नाही? कान धरला की बदाम, नाक म्हणजे इस्पिक, हनुवटी चौकट, कपाळ किलवर. आमच्या घरात तर त्या सगळ्यांनाच येतात, आणि सगळेच "आम्ही नाही बाई करत" म्हणतात. टिकलीला मात्र फक्त आबांकडेच बघायची शिकवण होती. तिनं प्रश्न विचारला की मी खुशाल कान धरायचे, नाक खाजवायचे. आबा अचूक उत्तरं द्यायला लागले. शेवटी टिकली म्हणाली, "आबांची स्मृती छान आहे. मी शनिवारी परत जाईन."

मी घरभर नाचले.

शुक्रवारी शाळेत कबड्डीचा सराव लांबला. घरी आले तर माझ्या जागेवर जंगमकाका बसलेले. डाव नुकताच संपला होता आणि आई स्वयंपाकघरात गेली होती.

"आबा, पहिली कुठली मेंढी गेली?" टिकलीनं विचारलं.

आबांनी समोर पाहिलं. काका स्वस्थ बसले होते. मग आबांनी हातातला चहाचा कप आपटला. "मला नाही खेळायचं! काय सारखी परीक्षा लावलीय!"

आबांना असं ओरडताना मी कधीच पाहिलं नव्हतं. आई स्वयंपाकघरातून धावत आली.

टिकली शांतपणे म्हणाली, "कालपर्यंत तुम्हाला आठवत होतं. आज काय वेगळं आहे?"

आबांनी दारात उभ्या माझ्याकडे पाहिलं. "आज माझी कार्टी समोर नव्हती," ते हळूच म्हणाले. "काल आठवत होतं ते तिला." मग आईकडे वळून म्हणाले, "शालू, यात मीही सामील आहे गं. शास्त्रज्ञ असून मीच प्रयोग बिघडवला. मला उत्तर कळायची भीती वाटत होती."

मला रडू फुटलं. "पण तुम्हाला तर सगळी गवतं आठवतात!"

"तीच तर गंमत आहे." त्यांनी मला जवळ घेतलं. "मेंदूत हिपोकॅम्पस (नव्या आठवणींची नोंद करणारा भाग) असतो. जुन्या, पुन्हा पुन्हा घोकलेल्या आठवणी मेंदूत इतरत्र पसरून पक्क्या होतात. माझी गवतं तिथं सुरक्षित आहेत. नोंद करणाराच थकायला लागला, तर आधी नवीन गोष्टी निसटतात."

म्हणजे कोडं सुटलं होतं. पण मला जराही आनंद झाला नाही.

"थोडंफार तर सगळेच विसरतात," टिकली म्हणाली. "म्हणून मी आबांची तुलना आबांशीच करते. पहिल्या आठवड्याचे आबा आणि आत्ताचे आबा. फरक वाढत असेल तर डॉक्टरांना लवकर कळवायचं. मेंदूचा व्यायामही लगेच सुरू करता येतो. स्वतः आठवायची धडपड केली की चेतासंधी (मेंदूतल्या पेशींचे जोड) बळकट होतात. कुणी आयतं उत्तर पुरवलं की धडपडच होत नाही."

"आणि उशीर झाला तर?"

"तर सुधारणा अवघड होते. आत्ताही खात्री नाही देता येत. पण संधी चांगली आहे."

म्हणजे तिला घालवायच्या नादात मी आबांची संधीच घालवत होते! टिकलीचा राग होताच, पण त्याहून जास्त भीती वाटली.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. सुरुवात आहे, वेळेत आलात, म्हणाले. रोज चालणं, पुरेशी झोप, माणसांत मिसळणं आणि टिकलीचे खेळ. टिकलीचा मुक्काम वाढला. आता गेलेल्या पत्त्यांबरोबर ते कुणी टाकले हेही सांगायचं. जमलं की ती आणखी थोडं अवघड करायची. मला एकच काम होतं: गप्प बसणं. आबा अडकायचे, मला उत्तर माहीत असायचं आणि मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचे. कबड्डी परवडली!

काही आठवडे काहीच फरक दिसला नाही. एकदा तर आबा मधूनच उठून गेले. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःच पत्ते पिसत बसले.

दिवाळीच्या सुट्टीतला तो डाव. मी इस्पिकाची राणी टाकली, आणि आबा एकदम ताठ झाले.

"थांब! दुसऱ्या हाताला टिकलीनं इस्पिक उतरलं, तेव्हा तू चौकट टाकलीस. इस्पिक नव्हतं ना तुझ्याकडे? मग ही राणी कुठून आली? चोरटी कुठली!"

मी पत्ते पाहिले. खरंच की! राणी दुसऱ्या पत्त्यामागे चिकटून बसली होती, मला दिसलीच नव्हती. आईच्याही लक्षात आलं नव्हतं. टिकलीनं ओळखलं असणार, पण ती आबांकडे बघत थांबली होती.

"स्वतःच्या आजोबांना फसवतेस? भिडू आहेस का शत्रू? डाव गेला आपला!" आबा तावातावानं बोलत होते. आईनं पदर डोळ्यांना लावला. मी आयुष्यात एवढी बोलणी खाल्ली नव्हती, आणि मला हसू आवरत नव्हतं.

"दात काय काढतेस? वाट पत्ते," आबा म्हणाले. मग टिकलीकडे वळले. "टिकूबाळ, तुझ्यावर काही लक्ष ठेवावं लागत नाही बघ. पण या कार्टीवर मला जन्मभर लक्ष ठेवायचंय."

जन्मभर लक्ष ठेवायचंय, असं टिकलीला कुणी कधी म्हटलं नव्हतं. मी पत्ते वाटायला घेतले.