विहिरीला दिलेला बोर्ड

२००९च्या उन्हाळ्यात धसईच्या पंकजने बिनतारी संदेश पाठवणारा काडेपेटीएवढा बोर्ड बनवला. पहिला नमुना नको तेवढा रुंद झाला. ब्रेडबोर्डवर, म्हणजे जोडणी करून बघायच्या भोकांच्या पाटीवर, बसवला की सगळी भोकं झाकून टाकी. तार खुपसायला जागाच उरेना.

त्यांच्याकडे पहिलं जे येईल ते विहिरीला द्यायची रीत. पहिली काकडी, पहिली लोंबी, म्हशीचा पहिला चीक. आई, धोंडीबाई, म्हणाली, "यातला पन पयला टाक." पंकजने फसलेला टाकला. त्यातला सेल तेवढा काढून घेतला. सेल चांगला होता.

मग दोन अरुंद बोर्ड केले. दोन नंबर तापमान पाठवी, तीन नंबर ते पडद्यावर दाखवी. दोन नंबर माठाला टेकवला की चोवीस अंश, मुठीत धरला की सदतीस. सोमवारी मुरबाडच्या एका कारखान्यात हे दाखवायचं होतं. जमलं तर नोकरी.

शुक्रवारी पडद्यावर दोन ओळी आल्या.

दोन: ३४.

एक: २४.

एक नंबर विहिरीत होता, बिनसेलचा. पंकजने प्रोग्राम पुसून पुन्हा भरला. दोन नंबर बंद केला. एक: २४. ही जास्तीची ओळ बघून कारखान्यातला साहेब काही नोकरी देणार नव्हता.

"काढून आनतो," तो म्हणाला.

"दिलेला कोन परत घेतो रे?"

"बिघडलेलाच होता तो, आई."

धोंडीबाई तांदूळ निवडायची थांबली. "बिघडलेला दिलास?"

रविवारी दुपारी तो विहिरीत उतरला. पाणी गुडघाभर. बोर्ड गाळात नव्हता; शेवटच्या पायरीवर होता, स्वच्छ, कोरडा. उचलताना हाताला किंचित ओढ लागली, पोर खेळणं सोडत नाही तशी.

मग सुटला.

घरी येऊन त्याने पकडीने बोर्डाचे दोन तुकडे केले. दोन नंबर चालू केला. पडद्याकडे पाहिलं.

दोन: ३४.

एक: ३७.

आईने चहा आणला. "बशीत ओत. उकळता हाय."

पंकजने कप एका घोटात रिकामा केला. धोंडीबाई त्याच्याकडे बघत राहिली.

"गार झालाय गो," तो म्हणाला.

कपातून अजून वाफ निघत होती.

त्याने दोन नंबर उचलला आणि मुठीत घट्ट धरला.

दोन: २४.