ओळी शून्य

कमळाक्कांच्या कपाळावरची पट्टी हिरवी लुकलुकत होती आणि उशाशी ठेवलेला बोलका डबा दोन आठवडे मुका होता.

मिरजेच्या त्या रुग्णालयात अशा पट्ट्या आता सर्रास दिसत. वाचा गेलेल्या माणसाच्या मनातले शब्द पट्टी टिपायची आणि फाईलीत लिहायची. आपलं बोलून झालं, आता तू बोल, असं माणसाला वाटलं की मेंदूत एक बारीक लाट उठते. ती दिसली की पट्टी ओळ संपवायची. मग एक छोटी शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला लिहून दिलेल्या चार सूचना, ती पुरी झालेली ओळ उचलून डब्याला वाचायला द्यायची. शेजारच्या खाटेवरचे मास्तर डब्यातून चहात साखर कमी असल्याची तक्रारसुद्धा करत.

आक्का मात्र गप्प. आज पट्टी काढायची ठरली होती. "आत कुणी बोलत नाहीये," हे डॉक्टर इतक्या हळू म्हणाले, की आक्कांच्या सुनेला, उज्ज्वलाला, ते जास्तच लागलं.

पट्टी काढायला तंत्रज्ञ शबाना इनामदार आल्या. नेमाप्रमाणे त्यांनी शेवटचं तपासलं. "ओळी शून्य. वाईट वाटतं हो, ताई."

"शून्य? आमच्या आत्यांच्या?" उज्ज्वलाला हसू आलं की रडू, तिलाच कळेना. "अहो, ब्लाउज शिवताना तोंडात टाचण्या असायच्या, तरी बोलायच्या! इतकी वर्षं नांदतेय, पण त्यांचं बोलणं संपलेलं मी ऐकलं नाही. सकाळी उठल्या की आदल्या रात्रीचंच पुढं चालू."

शबानांचा हात पट्टीवरच थांबला. "संपलेलं ऐकलं नाही?"

त्यांनी फाईल किती मोठी आहे ते पाहिलं. "या अल्ला! उघडायला गेलं की पडदा गोठायचा, म्हणून फाईल बिघडलेली, आत काही नाही असं समजलो आम्ही. रिकामी कुठली? लाखो अक्षरं आहेत, सगळी एकाच ओळीत!"

"म्हणजे?"

"म्हणजे स्क्रिप्ट बसलीय ओळ संपायची वाट बघत, आणि तुमच्या आत्या थांबायलाच तयार नाहीत."

शबानांनी स्क्रिप्टमध्ये एक बदल केला: शेवटाची वाट बघायची नाही, ऐंशीएक अक्षरं झाली की शब्द न तोडता ओळ दुमडायची आणि लगेच वाचायला द्यायची. "जुनं सावकाश ऐकू. आधी आत्ताचं."

डबा खरखरला.

"...अन् मशिनीवर वलं फडकं टाकू नगा, गंजंल, अन् ही बाई कपाळाला हात लावतीया, हात धुतलेत का हिनं..."

"धुतलेत, आक्का, धुतलेत!" शबाना ओरडल्या. मास्तर खाटेवर उठून बसले. उज्ज्वलानं तोंडावर पदर दाबला.

"...अन् उजे, किती वाळलीस गं, रोज येतीस अन् नुसती बघत बसतीस, तू का गप्प? बोल की."

डबा थांबला. पट्टीनं पहिली ओळ संपवली, पडद्यावर शून्याचा एक झाला.

उज्ज्वलानं डोळे पुसले आणि खुर्ची पुढं ओढली. आत्या पहिल्यांदाच तिचं ऐकायला थांबल्या होत्या. एवढ्या वर्षांचं साठलेलं, आता सुरुवात तरी कुठून करायची?