डाव्या हाताचं मशीन

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना रात्र लागते, अमावस्या लागते. माझ्याकडे त्यातलं काही नाही. हे भर दिवसा घडलं. एसी लावलेल्या खोलीत. गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला. जागा कतारच्या उत्तरेला, अल रुवैसच्या अलीकडे, एका मालकाचं शेतावरचं घर. तिकडे त्याला इझबा म्हणतात.

खोटं वाटलं तर वाटू द्या. मला कुणाचे लाइक नको आहेत.

पण माझ्या घरात रोज एक माणूस माझ्यासमोर जेवायला बसतो, आणि त्याच्याकडे बघून माझ्या घशाखाली घास उतरत नाही... म्हणून लिहितोय.

मी रामेश्वर. जालन्याकडचा. टर्नर-फिटर. अल रय्यानच्या एका वर्कशॉपमध्ये बरीच वर्षं काढली. सचिन माझा मेहुणा, बायकोचा, राणीचा धाकटा भाऊ. आईबाप लवकर गेले, राणीनेच त्याला लहानाचा मोठा केला. ड्रायव्हरचं काम बघून मी त्याला तिकडे न्यायचं ठरवलं, तेव्हा तिने रडारड केली नाही. फक्त म्हणाली, "नेताय तसा परत आणा." कोमलशी त्याचं लग्न ठरलं होतं.

मी हो म्हणालो. आपण पटकन हो म्हणतो.

इझब्यावर आम्हा दोघांना नेलं ते श्रीपतीअण्णाने. तिथला मुकादम. आपलाच मराठी माणूस, कोल्हापूरकडचा. परक्या मुलखात आपला माणूस भेटला की बरं वाटतं, तसं मलाही वाटलं. दोन दिवसांत कळलं की अण्णाचं तोंड सुटायच्या आधी हात सुटतो. माळ्याला थोबाडीत, मेंढ्या राखणाऱ्याला लाथ. मालकासमोर मात्र अगदी गरीब गाय.

मालक वयस्कर, शांत. हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या बंदुकीने फोडायचा त्यांना नाद, आणि काडतुसं घरीच भरायची हौस. सरकारी परवाना होता. ते मी आधी विचारून घेतलं, कारण असल्या कामात अडकलं की खलास.

मला बोलावलं होतं मशीन निवडायला.

मोटरवर चालणारं नवं घ्यावं की जुनं हाताचं दुरुस्त करावं, असा मालकांचा प्रश्न. जुनं कोपऱ्यात चादरीखाली झाकून ठेवलेलं. मी चादर काढली. मशीन झकास होतं. साध्या मशीनवर एका वेळी एकच काम होतं. याच्यावर गोल तबकडीत रिकामी काडतुसं उभी राहतात. दांडा एकदा खाली ओढला की सगळ्यांवर एकदम काम होतं. एकात ठिणगीची टोपी बसते, दुसऱ्यात दारू पडते, तिसऱ्यात छर्रे, पुढच्याचं तोंड मिटतं. तबकडी एक घर पुढे सरकते आणि तयार काडतूस ट्रेमध्ये पडतं.

खट. खर्र. टक.

मी मालकांना म्हणालो, मोटर नको. काही अडलं तर हाताला कळतं, मोटरला कळत नाही. मालकांना पटलं. म्हणजे मशीन मीच निवडलं.

त्या मशीनचा एक नियम आहे, तेवढा समजून घ्या. दांडा अर्ध्यावर थांबवायचा नाही. कुणी हाक मारली, फोन वाजला, काहीही झालं तरी नाही. थांबलाच तर पुढे ओढायचा नाही, कारण एकाच काडतुसात दोनदा दारू पडू शकते. मग तबकडी पूर्ण रिकामी करायची. सगळं ओतून द्यायचं. पहिल्यापासून सुरुवात.

चादर काढली तेव्हाच एक गोष्ट खटकली होती.

दांडा डावीकडे होता...

ट्रे, डबे, सगळी मांडणी डावखुऱ्या माणसाची. मी उजवा. बोल्ट काढून दांडा उजवीकडे घेतला, पान्याने कचकचून आवळला, आणि चहाला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली उघडली.

दांडा... डावीकडे.

बोल्ट मी आवळले होते तेवढेच घट्ट. किल्ली माझ्या खिशात. मला वाटलं सचिनने थट्टा केली. त्याला विचारलं, तर तो म्हणाला, "दाजी, मला त्यातलं काय कळतंय?" खरंच होतं ते. त्याला स्टेपनी बदलताना घाम फुटायचा.

मी पुन्हा उजवीकडे घेतला. पुन्हा डावीकडे गेला.

मग मी नाद सोडला आणि डाव्या हाताने ओढायला शिकलो. माणूस पोटासाठी काय काय शिकतो.

शुक्रवारची गोष्ट. दुपारी सगळे नमाजाला गेलेले. अण्णा बाजारात. सचिन माझ्यासमोर खजुराच्या सावलीत डबा खात होता. कुठे पान हलत नव्हतं. खोलीला मी स्वतः कुलूप लावलं होतं.

आतून आवाज आला.

खट... खर्र... टक.

सचिनचा घास हातात राहिला.

खट... खर्र... टक.

अगदी सराईत हात. मी उठलो, दाराला कान लावला.

खट...

आणि पुढे काहीच नाही.

मी टकची वाट बघत उभा राहिलो. ती आलीच नाही. अर्ध्यावर अडकलेला तो आवाज माझ्या छातीत बसला. दार उघडलं तर दांडा मधोमध थांबलेला होता आणि तबकडी कोरडी ठणठणीत. आत कुणी नव्हतं.

त्या दिवसापासून मी घाबरलो, हे सरळ सांगतो. सचिनला म्हणालो, तू या खोलीत पाऊल टाकायचं नाही. तो हसला. पण माझं ऐकलं.

मग खंडेनवमी आली.

आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं धुऊन पुसून मांडतात, हळदीकुंकू वाहतात, आणि दिवसभर त्यांना हात लावत नाहीत. वर्षभर राबलेल्या लोखंडाला एक दिवस सुट्टी. हे मी लेथलाही करत आलोय, रय्यानमध्येसुद्धा. सकाळी पान्यांवर, मशीनवर हळदीकुंकू लावलं. दोह्याहून आणलेला झेंडू दांड्याला बांधला. उदबत्ती लावत होतो, तेवढ्यात उंबऱ्याशी मैमुना दिसली.

ही तिथली स्वयंपाकीण, हैदराबादची. चहा नेहमी पायरीवर ठेवायची, आत कधी यायची नाही. मला वाटायचं लाजते. त्या दिवशी तिने किटली खाली ठेवलीच नाही.

"भाई, फूल निकालो," ती म्हणाली. "संपत भी यहीच फूल बांधा था."

कोण संपत?

तिने पायरीवरूनच सांगितलं. माझ्या आधी या मशीनवर संपत नावाचा माणूस होता, कराडकडचा. डावखुरा. आदल्या वर्षीच्या खंडेनवमीला त्यानेही अशीच पूजा केली. संध्याकाळी मालकांचे पाहुणे येणार होते, अण्णा म्हणाला काडतुसं भर. संपत म्हणाला, अण्णा, आज नको. अण्णाने त्याला मानेला धरून मशीनवर बसवला. तो भरायला लागला, आणि दांडा अर्ध्यात असताना अण्णाने कानाखाली वाजवली. का, तर हात हळू चालतो म्हणून. ओतून द्यायलाही वेळ दिला नाही. मग काडतूस चालवून बघायलाही त्यालाच उभा केला.

बंदूक तोंडापाशी फुटली. संपत जागीच गेला.

मालकांना कळलं ते एवढंच, की संपतचं लक्ष नव्हतं, फोनवर बोलत होता. मैमुना बोलली नाही, कारण तिच्या मुलीला, हजराला, अण्णानेच इथे कामाला लावलं होतं.

मी फूल काढलं नाही. खोलीला कुलूप घालून निघायचं आणि सचिनला घेऊन गाठायचं थेट रय्यान, एवढंच डोक्यात होतं.

तेवढ्यात अण्णा आला.

पाहुणे येणार होते...

मी सांगितलं, आज मशीन चालणार नाही. अण्णाने मला थोबाडीत दिली. खाली पडलो तर बरगडीत बुटाची लाथ. दुसरी. तिसरी. तोंडात रक्ताची चव आली. "पूजा कर लेका," म्हणत तो स्वतः मशीनवर बसला. झेंडू ओरबाडून फेकला, रिकामी काडतुसं बसवली, दांडा ओढला.

खट. खर्र. टक.

खट. खर्र. टक.

खट...

दांडा अर्ध्यावर थांबला.

अण्णाने जोर लावला. उभा राहून लावला. पायाने ढोसलं. दांडा वर जाईना की खाली येईना. मी जमिनीवरून ओरडलो, ओतून टाका, सगळं ओतून टाका. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही.

माझा आवाज ऐकून सचिन धावत आत आला.

मी त्याला नको म्हणेपर्यंत अण्णाने त्याची कॉलर धरली आणि दांड्यापाशी ढकलला. सचिनने तोल सावरायला हात टेकला.

डावा हात.

दांडा लोण्यातून जावा तसा खाली गेला.

खर्र... टक.

सचिन एकदम शांत झाला. त्याने हात काढला नाही. दांडा वर नेला, खाली आणला, वर नेला, खाली आणला. चुकत नव्हता, अडखळत नव्हता. स्टेपनी बदलता न येणारा माझा मेहुणा असं मशीन चालवत होता, की मला आयुष्यात तसं जमलं नाही. अण्णा खूश. "बघ, पोरगं तुझ्यापेक्षा बरं," म्हणाला. मूठभर काडतुसं उचलली, बंदूक घेतली आणि सचिनला दंडाला धरून मैदानाकडे ओढत नेलं.

मी सरपटत दारापर्यंत गेलो. बरगडी मोडलेली होती, उठता येईना. डोळ्यांसमोर राणी दिसत होती. मी हाका मारत होतो आणि घशातून फक्त वारा येत होता.

उन्हात दोघे उभे. अण्णाने बंदुकीत काडतूस भरलं आणि ती सचिनच्या हातात दिली. चालव म्हणाला.

सचिनने बंदूक घेतली. नळीकडे बघितलं. मग अण्णाकडे. आणि डाव्या हाताने बंदूक परत त्याच्यापुढे धरली.

"अण्णा," तो म्हणाला, "औंदा तुमी उडवा."

आवाज सचिनचा होता. बोली त्याची नव्हती. आणि आदल्या वर्षी सचिन भारतात होता, त्याला औंदा काय आणि गेल्या साली काय, काहीच ठाऊक नव्हतं.

अण्णाचा चेहरा पांढरा पडला. त्याचे पाय मागे सरकायला लागले... पण हात पुढे आले. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. पाय मागे जात होते आणि हात बंदूक घेत होते. खांद्याला लावली. गाल टेकवला. त्याच्या तोंडातून लहान पोरासारखा आवाज निघत होता.

बार झाला तो बंदुकीसारखा नव्हताच.

धूर विरला तेव्हा अण्णा गुडघ्यांवर होता. नळी केळीच्या सालीसारखी सोललेली. डाव्या हाताला बोटं नव्हती. जबडा एका बाजूने लोंबत होता आणि गळ्यातून रक्ताची चिळकांडी वाळूवर पडत होती, वाळू ती लगेच पिऊन टाकत होती. तो काहीतरी बोलायला बघत होता. मग आडवा झाला आणि टाचा घासत राहिला. बराच वेळ.

सचिन शेजारीच उभा होता. तोंडभर अण्णाचं रक्त. त्याने ते पुसलंसुद्धा नाही.

पोलीस आले, चौकशी झाली. मैमुनाने या वेळी सगळं सांगितलं. उरलेली काडतुसं तपासली, सगळी ठीक निघाली. अपघात, असं ठरलं. मालकांनी माझा दवाखाना केला, मशीन तोडून भंगारात दिलं आणि आम्हा दोघांना तिकीट काढून घरी पाठवलं. जाताना त्यांनी माझा हात धरून माफी मागितली. भला माणूस.

राणीने दारात आमच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. भावाला मिठी मारून खूप रडली. गल्लीभर सांगितलं, यांनी माझा भाऊ मरणाच्या दारातून आणला.

तेव्हापासून सचिन डाव्या हाताने जेवतो.

डॉक्टर म्हणतात, धक्का बसलाय, होईल ठीक. कोमलशी लग्न झालं. हार घालताना मागून कुणीतरी काहीतरी ओरडलं, तर वर नेलेला हार त्याने खाली घेतला, ताटात ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून उचलला. लोक हसले. मला दरदरून घाम फुटला.

जेवतानाही तसंच. घास अर्ध्यात असताना कुणी बोललं की तो थांबतो. घास खाली ठेवतो. सगळं ताट ओतून देतो, धुऊन आणतो, पुन्हा वाढून घेतो. हा नियम मी त्याला कधी शिकवला नव्हता.

परवा खंडेनवमी झाली. मी हत्यारं पुजली. दुपारी आम्ही दोघे जेवायला बसलो, राणी आत पोळ्या लाटत होती. वर्षभर मनात होतं, ते करून बघितलं. त्याने घास उचलला, आणि मी हळू आवाजात हाक मारली.

"संपत..."

हात अर्ध्यावर थांबला.

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. घास खाली ठेवला. उठला, ताट ओतलं, धुतलं, पुसलं आणि परत येऊन बसला.

राणी आतून वैतागून म्हणाली, "अहो, जेवताना कशाला हाक मारता त्याला? माहितीये ना, सगळं ओतून देतो ते."

सचिनला मी हाक मारलीच नव्हती.