रानयक्षिणीच्या पत्त्यावरचा एक शब्द

स्वारगेटहून विश्रांतवाडीला निघालेली बस सिग्नलला कचकन थांबली आणि शेजारच्या तरुणाच्या हातातला पत्ता निसटून थेट आम्रपालीच्या मांडीवर पडला. त्यावर हिरव्या केसांची एक यक्षिणी होती आणि खाली बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेलं. आम्रपाली नुकतीच एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली वकिली करू लागली होती. बारीक अक्षर दिसलं, की वाचल्याशिवाय तिला राहवायचं नाही.

“काय आहे हे?”

“मायागड. पत्त्यांचा खेळ,” तो म्हणाला. “ही रानयक्षिणी. माझं हुकमी पान.”

“आणि ही करते काय?”

त्याचे डोळे लकाकले. प्रत्येक पत्त्याला स्वतःची शक्ती असते, तो सांगू लागला. काहींची मैदानात उतरताच एकदा चालते, काहींची ते उभे असेपर्यंत, तर काहींची आपण पत्ता आडवा केला तरच...

“ही उतरली की मी दोन नवे पत्ते ओढतो. ती मेली की स्मशानात जाते, म्हणजे बाद पत्त्यांच्या गठ्ठ्यात. मग माझा मांत्रिक तिला तिथून उठवतो — की पुन्हा दोन पत्ते. समोरचा पार हैराण होतो.”

सांगताना तो दोन्ही हातांनी यक्षिणीला उठवून दाखवत होता. आम्रपालीने हसू दाबत पत्ता पुन्हा वाचला.

“दुसऱ्यांदा नाही ओढता येणार तुम्हाला.”

“का बरं?”

“इथे लिहिलंय, ‘हातातून मैदानात उतरताच दोन पत्ते ओढा.’ हातातून. स्मशानातून नाही.”

तो पत्त्याकडे बघतच राहिला. “दोन वर्षं खेळतोय मी हे.”

“खेळताय. वाचलंत कधी?”

बोलून गेली खरी, पण त्याचा उतरलेला चेहरा पाहून तिलाच कसंतरी झालं. बसमधून उतरताना तो म्हणाला, “रविवारी सामने आहेत. जिंकेल तो बंगळुरूला खेळायला जाणार. आता सगळी जुळणी नव्याने करायची... मोडलीत तुम्ही, तर मदतही तुम्हीच करा.”

त्याचं नाव बुद्धभूषण. खडकीच्या कारखान्यात तो ड्राफ्ट्समन होता. त्या आठवड्यात रोज संध्याकाळी चौकातल्या अमृततुल्यमध्ये दोघांचे चहा निवत राहिले. ‘वावटळ’ नावाचा पत्ता तिनेच शोधला. तो खेळला, की मैदानातले आपले पत्ते हातात परत येतात आणि यक्षिणीला पुन्हा हातातून उतरवता येतं. तो पत्ता घेताना त्याची बोटं तिच्या बोटांवर जरा जास्तच रेंगाळली... आणि तिनेही हात काढून घेतला नाही.

पण वावटळीत एक अख्खी खेळी वाया जाई. शनिवारी सरावात तो लागोपाठ हरला, तेव्हा तिच्याने बघवेना.

“जुन्याच पद्धतीने खेळा. सगळे तसंच खेळतात ना? कोणाला कळणार आहे?”

“वकील असून असं सांगता?” तो हसला. आणि त्याने पत्ते पुन्हा पिसायला घेतले.

रविवारी स्वारगेटजवळच्या हॉलमध्ये ती मागच्या खुर्चीत बसली होती. सामने सुरू होण्याआधी बुद्धभूषण आयोजक शुभंकरकडे गेला आणि पत्ता त्याच्यापुढे धरला. शुभंकरने तो दोनदा वाचला, कपाळाला हात लावला आणि माईकवरून सगळ्यांना तो शब्द वाचून दाखवला. हॉलभर नाराजीची कुजबुज झाली. बऱ्याच जणांच्या जुळण्या त्या यक्षिणीवरच उभ्या होत्या.

पहिल्या दोन फेऱ्या तो जिंकला. तिसरीत वावटळ हाती येईपर्यंत त्याचा गड पडला आणि तो स्पर्धेतून बाद झाला.

आम्रपाली त्याच्या आधीच बाहेर येऊन पायऱ्यांवर उभी राहिली. बंगळुरू आपल्यामुळे हुकलं, आता हा आपल्याकडे बघणारही नाही, असं तिला वाटत होतं. तो आला आणि शेजारी उभा राहिला.

“सांगितलंत कशाला?” तिचा आवाज ओला झाला. “तिथे कोणालाच माहीत नव्हतं.”

“तुम्हाला माहीत होतं.”

तिने मान वर केली. तो तिच्याकडेच बघत होता.

“जिंकलो असतो, तर तुम्हाला येऊन सांगताना मला तुमच्या नजरेला नजर देता आली नसती. आणि मला आयुष्यभर...” तो अडखळला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “म्हणजे, तुमची हरकत नसेल तर...”

“आहे,” आम्रपाली म्हणाली.

त्याचा चेहरा पांढरा पडला.

“आयुष्यभराचं विचारतोयस आणि अजून अहोजाहो करतोयस,” ती म्हणाली आणि त्याचा हात धरून पायऱ्या उतरू लागली.